दुपारचं सेशन

न्हाय पावणं, सही न्हाय मिळायची. सकाळपासनं तिसऱ्यांदा विचारतासा, म्हणून काय माझं उत्तर बदलणार हाय व्हय? — बसा, उन्हात उभं राहू नका, त्या सतरंजीवर बसा, झाडलेली हाय ती. मी ह्या दोऱ्या गुंडाळत गुंडाळत बोलते, हात रिकामं राहिलं की मला झोप येतीया. — व्हय, गाठी तुमच्या चांगल्या आल्या, बघितलं की मी. तंबू तर सगळ्यांच्या आधी उभा केलासा. प्रथमोपचाराला त्या डॉक्टरीणबाईबी म्हटल्या, ह्यांनी बांधलेली झोळी बघून घ्या सगळ्यांनी. ते सगळं खरं. पण स्काउट-गाईडचा कोर्स पुरा म्हणजे पुरा, आणि दुपारचं सेशन बसल्याशिवाय तो पुरा व्हत न्हाय. शाहूपुरीत दुकान हाय, गिऱ्हाईक खोळंबलंय, समजलं मला. इथं आलेल्या सगळ्यांचंच कायतरी खोळंबलंय. ते आजऱ्याचे मास्तर बघा, त्यांची म्हैस व्यायला आलीया, दर घटकेला घरी फोन लावत्यात — पण थांबल्यात न्हवं? — माझं? माझंबी हाय की खोळंबलेलं. राहू द्या ते.

"दोन पोरांचा बाप हाय मी, पोरांशी कसं बोलायचं ते मला काय शिकवणार ह्या?" — असंच म्हटलासा न्हवं चहाच्या वेळी? ऐकलं मी. राग न्हाय हो. राग यायला अंगात दम लागतोय. दर कोर्सला कुणीतरी म्हणतंयच हे. कधी मास्तर, कधी बँकेतला साहेब, मागं एकदा तर पोलिसातलं एक गृहस्थ म्हटलं. गाठी शिकायला सगळी पुढं, शेकोटीला तर नाव द्यायला भांडणं, आणि दुपारचं सेशन म्हटलं की कुणाचं डोकं दुखतंय, कुणाच्या सासऱ्याला बरं न्हाय. जी बसत्यात, तीबी जेवून बसल्यामुळं पेंगत्यात. मी बोलतच असते — पोराशी एकट्यानं बंद खोलीत बोलू नका, दोन मोठी माणसं कायम सोबत ठेवा, पोरानं कायतरी सांगितलं तर काय करायचं, काय न्हाय — आणि माझंच मला ऐकू येतंय, भिंतीशी बोलल्यागत. इतक्या वर्षांत मला शेवटी असं वाटायला लागलंय की, नियम माणसाच्या कानातनं आत जातच न्हाय. गोष्ट सांगितली तर थोडी जाती. म्हणून मी दर कोर्सला एक गोष्ट सांगते. तुम्हाला आत्ता सांगते, सगळी जेवून आडवी झाल्यात, शिट्टी व्हायला अवकाश हाय. ऐका, आणि मग जायचं असलं तर जावा, गेट काय मी धरून उभी न्हाय.

अक्काताई म्हणून एक बाई हुत्या. हातकणंगल्याच्या. स्टेशनकडं जाताना नवऱ्याचं कापडाचं दुकान, तिथं गादीवर बसून साड्या दाखवायच्या. शिक्षण दहावी. घरात निम्मं बोलणं कानडीत, निम्मं मराठीत. लेकीच्या शाळेत गाईडचं पथक हुतं, ते चालवणाऱ्या बाईंची बदली झाली आणि पथक पोरकं झालं. नियम असा, की पोरींना कॅम्पला न्यायचं तर कोर्स केलेली बाई सोबत पाहिजेच. ती न्हाय तर कॅम्प न्हाय. मुख्याध्यापकांनी पालकांची सभा घेतली, विचारलं, कोण तयार हाय? सगळ्या बाया आपापल्या पदराकडं बघायला लागल्या. लेक मागं उभी राहून रडत हुती. अक्काताईंनी हात वर केला. — त्यांना ठाऊक तरी हुतं का, कशाला हात वर केला ते? कशाचं ठाऊक! लेक रडती म्हणून केला. घरी आल्यावर नवरा म्हटला, "आठवडाभर? तंबूत? आणि दुकान?" ह्या म्हटल्या, "दुकानाला तुम्ही हायसा की. त्या पोरींना कोण हाय?" झालं, नवरा तयार झाला. भाऊ मात्र चिडला. थोरला भाऊ, रुद्रय्या. सीमेजवळच्या गावातला, ऊस, ट्रॅक्टर, गावात शब्दाला वजन. आई-बाप लवकर गेलेले, ह्या भावानंच अक्काताईंना वाढवलेलं, लग्नबी ह्यानंच करून दिलेलं. ह्या त्याला अण्णा म्हणायच्या आणि तो ह्यांना 'तंगी' — कानडीत धाकट्या बहिणीला तंगी म्हणत्यात. फोनवर म्हटला, "तंगी, चाळीशीला आलीस, आता गळ्यात रुमाल बांधून पोरींबरोबर उड्या मारणार व्हय?" ह्या हसल्या नुसत्या. भावावर जीव हुता लई. पंचमीला तो जीप घेऊन न्यायला यायचा, आणि खाली उतरायच्या आधी कोपऱ्यावरनंच ओरडायचा, "तंगी, आवरलं का न्हाय?" अख्ख्या गल्लीला कळायचं, अक्काताई माहेराला निघाली.

तर त्या कोर्सला आल्या. ह्याच मैदानावर. तवा ही शेड नव्हती. शिट्टी वाजवायला येईना बघा त्यांना. गाल फुगवून फुंकायच्या आणि आतनं नुसता वारा — सगळा तंबू हसायचा आणि ह्याच सगळ्यात जास्त हसायच्या. गाठी चटकन् आल्या, कापड बांधणारा हात. स्वयंपाक तर काय विचारूच नका. आणि शेवटच्या दिवशी दुपारी हेच सेशन. घ्यायला हंबीरराव सर — रिटायर झालेले मास्तर, आवाज असा की लांबच्या झाडावरचं पाखरू उडावं. त्यांनी विचारलं, "समजा, एक पोरगी तुमच्याकडं आली आणि म्हटली, बाई, एक सांगायचंय, पण कुणाला सांगू नका. तर काय म्हणाल?" सगळ्या बाया एका सुरात म्हटल्या, "न्हाय सांगणार म्हणायचं!" सर म्हटले, "चुकलं. तसं वचन द्यायचं न्हाय. तिनं सांगायच्या आधी तिला सांगायचं, की बाळ, तुला त्रास व्हणार असंल तर मला ते पुढं सांगावं लागंल. आणि सांगितलं की त्याच दिवशी वरच्या माणसाला कळवायचं. पोरगी खरं बोलती का खोटं, घर चांगलं का वाईट, हे ठरवायला तुम्ही कोर्ट न्हाय." अक्काताईंनी विचारलं, "सर, मग ती पोरगी माझ्याशी परत बोलंल का?" सर म्हटले, "कदाचित न्हाय बोलणार." एवढंच. वर काय गोडाचं न्हाय, 'पण तुम्ही पुण्य केलं' वगैरे काय न्हाय. अक्काताई घरी येऊन नवऱ्याला म्हटल्या, "सगळी चांगली हुती, पण तो शेवटचा मास्तर म्हणजे दगड हो."

— पाणी पाहिजे? ती घागर बघा तिकडं. मला नको.

मग हिवाळ्यात कॅम्प. आजऱ्याकडं, काजूच्या बागेत. पोरी लई खूश. त्यांच्यात एक संघनायिका हुती, नववीतली — तिचं खरं नाव मी कुणाला सांगत न्हाय, तिला आपण सई म्हणू. उंच, काटक, चुलीवर भात असा शिजवायची की शित न् शित मोकळं. तिची टोळी सगळ्यात पहिली. तर दुपारी जेवणं झाल्यावर भांडी घासायला बसलेल्या, नळाजवळ, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. सई राखेनं पातेलं घासत घासत म्हणती, "बाई, पुढच्या कॅम्पला मी नसणार बघा." ह्या म्हटल्या, "का ग?" ती म्हणती, "सांगते, पण कुणाला सांगू नका हं." आणि बघा पावणं, तिथं अक्काताईंना आठवलं. सगळ्यांनाच आठवतंय असं न्हाय. त्यांनी हात धुतला, म्हटल्या, "थांब. आधी माझं ऐक. तुला त्रास व्हणार असंल असलं काय सांगितलंस, तर मला गप्प बसता यायचं न्हाय. पुढं सांगावं लागंल. आता सांगायचं का न्हाय ते तू बघ." सईनं बघितलं त्यांच्याकडं. आणि सांगितलं तिनं. का सांगितलं? लई वेळा मी इचार केलाय त्याचा. न सांगायला मोकळी हुती की ती. मला वाटतंय, 'पुढं सांगावं लागंल' हेच ऐकायचं हुतं तिला. पण हे माझं वाटणं. ती काय म्हटली? म्हटली, बोलणी झाली, सुपारी फुटली, मे महिन्यात लग्न. हसत सांगितलं बरं का. नवीन साड्या येणार, मोबाईल मिळणार. हसत हुती आणि अंगठ्याच्या नखानं दुसरं नख असं सोलत हुती, रक्त यीपर्यंत. अक्काताईंनी विचारलं, "कुणाशी ग?" तर ती म्हणती, "असं काय करता बाई? तुमच्याच संगमेशदादाशी की!"

संगमेश म्हणजे रुद्रय्याचा लेक. सख्ख्या भावाचा. कारखान्यात नोकरीला, पोरीपेक्षा दहा-अकरा वर्षांनी मोठा. सोयरीक जुळली, सुपारी फुटली, आणि सख्ख्या आत्तीला कुणी सांगितलं नव्हतं. का? ती आता कोर्स करून आलेली, रुमालवाली, म्हणून. आईनं पदराला हात पुसलं, आणि —

व्हय. आई. निसटलं तोंडातनं. सेशनला मी कधी म्हणत न्हाय तसं, 'एक बाई' म्हणूनच सांगते, लोकांना वाटतंय मग ही घरचं गाऱ्हाणं सांगतीया. आता ऐकलासा तर ऐकलासा. माझी आई ती. सभेत मागं उभी राहून रडणारी पोरगी मी. आणि त्या नळावर पलीकडच्या बाजूला ताटं विसळत मीच बसलते. सई माझ्याच वर्गात, माझ्याच बाकावर. मला ठाऊक हुतं का? न्हाय हो. मला सुदिक नव्हतं सांगितलं तिनं, आणि मला त्या घडीला लग्नाचं वाईट वाटलं न्हाय, मला न सांगता आईला सांगितलं ह्याचं वाईट वाटलं. पंधरा वर्षांची हुते, काय कळतंय.

आई उठली. सोबत दुसऱ्या बाई हुत्या, शाळेतल्या, त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. त्या म्हटल्या, "अहो अक्काताई, कॅम्प तर नीट पार पडू दे, घरी गेल्यावर बघू. आणि तुमच्याच घरातलं हाय, भावाला समजावून सांगा, मिटंल आपापसात." बरोबर वाटतंय का न्हाय ऐकायला? मलाबी अजून बरोबर वाटतंय कधी कधी. पण आई म्हटली, आज म्हणजे आज. खाली बागेत रेंज नव्हती, ती पार टेकाडावर चढून गेली, साडीचा ओचा खोचून, आणि हंबीरराव सरांना फोन लावला. मला दिसत हुती खालनं. लांबनं एवढीशी, निळी साडी, कानाला फोन, आणि एक हात असा डोक्यावर ठेवलेला. सर म्हटले, "तुमचं नातं हाय त्यात, पुढचं मी कळवतो, तुमचं नाव येऊ देत न्हाय." तर आई म्हटली, "न्हाय सर. मीच कळवते. उद्या अण्णा मला विचारंल, तंगी, कुणी केलं हे? तवा त्याच्या तोंडावर मला खोटं बोलता यायचं न्हाय." आणि तिथंच उभी राहून तिनं पोरांच्या मदतीचा तो सरकारी नंबर लावला, सगळं सांगितलं. भावाचं नाव, गावाचं नाव. स्वतःचंबी. मग खाली आली, आणि सईला जवळ घेऊन सांगितलं, मी असं असं केलंय म्हणून. सई हसायची थांबली. उठून गेली, आणि संध्याकाळचा भात तिनं करपवला. त्या पोरीच्या हातनं भात करपलेला मी तेवढा एकदाच बघितला.

पुढं? पुढं जे व्हायचं ते झालं. साहेब लोक गावात गेलं, ग्रामसेवक गेला, दोन्ही घरांकडनं लिहून घेतलं, पोरगी अठराची झाल्याशिवाय लग्न करणार न्हाय म्हणून. मोडलं लग्न. — चांगलं झालं म्हणतासा? व्हय, चांगलंच झालं. सगळी असंच म्हणत्यात आणि चहाला उठत्यात. बसा जरा.

मामा आला दुकानापाशी. भर दुपारी. जीप रस्त्याच्या मधोमध उभी केली, खाली उतरला, पण पायरी चढला न्हाय. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं. आई गादीवरनं उठून पुढं आली, "अण्णा, वर ये" म्हटली. मामानं रस्त्यावरनंच हात जोडलं. म्हटला, "ओ बाई, आमचं काय चुकलं असंल तर माफ करा. ह्यापुढं आमच्या दाराला यायची तसदी घेऊ नका." ओ बाई! तंगी न्हाय, अक्काताई न्हाय. ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, दोन कानफाटीत मारल्या असत्या, तर आई रडून मोकळी झाली असती. तो ओरडलाच न्हाय. माझा मामा, ज्याचा आवाज कोपऱ्यावरनं यायचा, तो हळू आवाजात बोलून जीपमध्ये बसला आणि गेला. आईनं परत येऊन गिऱ्हाइकाला विचारलं, "हा रंग दाखवू का तो?"

पथकाचं काय झालं? पोरी काढून घेतल्या की लोकांनी. "तिथं पोरीच्या पोटातलं काढून घेत्यात आणि सरकारला कळवत्यात." असं बोलायला लागली माणसं. मोजक्या पोरी राहिल्या, त्यात मी एक, तीबी नाइलाजानं. सई शाळेत यायची, पण बाक बदलला तिनं. एकदा मधल्या सुट्टीत मला गाठून म्हटली, "तुझ्या आईमुळं आमच्या घरात रोज मार बसतोय मला." आता हे मी घरी जाऊन आईला सांगायचं का न्हाय? सांगितलं. रागानंच सांगितलं, तिला लागावं म्हणून सांगितलं. आई परत उठली, परत फोन. परत साहेब लोक. शेवटी सईला तिच्या आजीकडं ठेवलं, तिकडंच शाळा. आणि मी आईशी बोलायची बंद झाले. मैत्रीण गेली, आजोळ गेलं, सुट्टीत आंबं खायला जायचं ते गेलं. कुणासाठी? एका फोनसाठी. असं वाटायचं मला.

भाऊबीजेला आई ताट करायची. निरांजन, सुपारी, अक्षता, करंजी. दारात रांगोळी काढायची आणि उंबऱ्यात बसायची. रस्त्यानं जीप वाजली की मान वर. मग अंधार पडायला लागला की उठून गच्चीवर जायची आणि चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ न्हाय त्या बाया ओवाळत्यात न्हवं, तशी. ह्या बाईला भाऊ हाय, धडधाकट हाय, मोटारीनं तासाच्या अंतरावर हाय, आणि ही चंद्राला ओवाळतीया! एका वर्षी मला राहवलं न्हाय. जिन्यात उभी राहून म्हटलं, "आई, तुला पश्चात्ताप हुतोय का?" किती दिवसांनी बोलले असंन मी तिच्याशी धड. ती म्हटली, "केल्याचा न्हाय हुत. पण केलं म्हणून अण्णाची आठवण यायची थांबती व्हय?" दोन्ही खरं हाय, असं म्हटली. आणि ताट माझ्या हातात दिलं, धर म्हटली, गुडघं दुखत्यात उतरताना. तवापासनं मी बोलायला लागले. आणि पुढं कॉलेज झाल्यावर, ती थकली तवा, तिचं पथक मी घेतलं. म्हणून हा कोर्स, म्हणून त्याच्या पुढचा, मग शिकवायचा कोर्स. मला काय लई हौस हुती अशातला भाग न्हाय.

— सईचं विचारणार, ठाऊक हाय मला. सगळी विचारत्यात. शेवटी ती आली असंल, पाया पडली असंल, बाई तुमच्यामुळं मी उभी राहिले म्हटली असंल. न्हाय आली. बारावी झाली, नर्सिंग केलं, नोकरी लागली, तिच्या पसंतीनं लग्न झालं, एक पोरगी हाय. हे सगळं इकडनं तिकडनं कळलेलं. आईला एकदा बाजारात दिसली ती, लेकीला कडेवर घेऊन. आई थांबली. सईनं बघितलं, ओळखलं, आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेली. आईनं घरी येऊन काय सांगितलं, म्हाईत हाय? "पोरगी जरा भरलीया अंगानं, चांगली दिसती." एवढंच. हंबीरराव सर म्हटलेच हुते की, कदाचित न्हाय बोलणार. त्यांनी आधीच सांगितलं हुतं, म्हणून आईला झेपलं. न्हायतर माणूस आशेवर मरतंय हो. म्हणूनच मी ह्या सेशनला कुणाला गोड गोड सांगत न्हाय.

आता आई बोलत न्हाय. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. मराठी सगळी पुसून गेली बघा, मला कायच म्हणत न्हाय, आप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, कायच म्हणत न्हाय. एकच शब्द येतोय तोंडात. अण्णा. पाणी पाहिजे तरी अण्णा, कूस बदलायची तरी अण्णा. डॉक्टर म्हटले, जुनं असतंय ते आत टिकतंय. दिवसा एक बाई बघती तिला, ती पाचला जाती, मग आप्पांना एकट्यानं उचलता येत न्हाय, म्हणून माझं लक्ष सगळं घड्याळाकडं. तुमचं दुकान तसं माझं हे. — तर मी मामाला फोन केला. एवढ्या वर्षांनी. उचलला त्यानं. मी म्हटलं, "मामा, मी प्रेरणा. आईला झटका आलाय, ती अण्णा अण्णा करतीया, एकदा येऊन जा." पलीकडनं नुसता श्वास ऐकू येत हुता. मला वाटलं, रडतोय. मग म्हटला, "न्हाय आलो तर कुठं कळवणार हायसा, ते सांगा." आणि ठेवला.

हे मी कधी कुणाला सांगितलं न्हाय. माझ्या नवऱ्याला न्हाय, आप्पांना तर न्हायच. तुम्हाला का सांगितलं, देव जाणे. दमल्यावर तोंडाला कुलूप राहत न्हाय.

तुम्ही म्हणाल, मग कशाला शिकवतीस हे, घर मोडायचं? मीच मला विचारते की. काल रात्री आईचं अंग पुसताना विचारलं. आणि मग ती पोरगी रस्ता ओलांडताना दिसती मला. मी बघितलेली न्हाय, आईनं सांगितलेलं, तरी दिसती. लेक कडेवर, आपल्या पायानं, आपल्याला पाहिजे त्या बाजूला चाललेली. आमच्यावर चिडलेली, पण चाललेली. बास. नियम चांगला का वाईट, त्यानं सुख लागतंय का, हे सांगायला मी काय सर न्हाय. सेशन घेते. सही करते. घरी जाते.

झालं. एवढंच हुतं. ही शेवटची दोरी. — जावा तुम्ही. खरंच जावा, मी काय मनात धरणार न्हाय. पुढच्या कोर्सला एवढं एक सेशन येऊन बसलासा तरी चालंल, सांगते मी तसं. गाडी तुमची त्या बाभळीखाली हाय न्हवं, सीट तापली असंल, रुमाल टाका वर. — जावा की.

उठत का न्हाय? — काय झालं? बरं वाटत न्हाय का? उन्हानं गरगरतंय? — आँ? काय म्हटलासा? जरा मोठ्यानं बोला, मला ऐकू आलं न्हाय.

वचन दिलंय, म्हणजे? कुणाला?

तुमच्या पथकातल्या पोराला. — कधी सांगितलं त्यानं? दिवाळीच्या कॅम्पला, मदतीला म्हणून गेलतासा तिथं. आणि अजून कुणालाच — न्हाय, न्हाय, मान खाली घालू नका, तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं तवा. म्हणून ह्या सेशनपासनं पळत हुतासा व्हय सकाळपासनं. मला वाटलं दुकान. — त्याला त्रास देणारा तो माणूस आजबी घरात हाय? त्याच घरात हाय पोरगं?

थांबा, ती आजऱ्याची मंडळी उठली बघा, इकडं येतील. शेडमागं चला, तिथं बाकडं हाय. — एक मिनिट. आप्पा? हं, प्रेरणा. त्या बाईंना म्हणावं आज थांबा, मी जास्तीचं देते काय ते. न्हाय, उशीर व्हईल. कवा ते सांगता येत न्हाय. आईला सरळ झोपवू नका, उशी लावा पाठीला. ठेवते.

बसा. फोन बंद करून ठेवा तुमचा. पोराचं नाव सांगा आधी, मग पहिल्यापासनं. घाई न्हाय, शिट्टी झाली तरी उठायचं न्हाय. लई बोलले मी आज. आता तुम्ही बोला. मी गप्प बसते.